गाजराचा रस, विडी आणि फुप्फुसाचा कॅन्सर

वाचकांचे प्रश्न : आहार

फुप्फुसाचा कॅन्सर आणि खाणंपिणं यांचा संबंध काय, असं विचारणारी बरीच पत्रं या वेळी आली. त्यांतली पाच घेते. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं काढली आहेत. मी कोल्हापुरात कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. उत्तरं त्या कामातून आलेली आहेत. औषधं बदलायची असतील तर मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : माझे मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत, वय ५२. दिवसाला एक बंडल विडी संपतेच. सोडा म्हटलं की जेवणाच्या ताटावरून उठून जातात. म्हणून मी रोज सकाळी ग्लासभर गाजराचा रस देते, रात्री हळदीचं दूध. आता पुतण्याने ऑनलाइन गोळ्यांची बाटली मागवून दिली आहे. वर 'फुप्फुसांच्या रक्षणासाठी' असं आहे आणि आत बीटा-कॅरोटीन २५ मिलिग्रॅम. देऊ का? आणि रसाने विडीचा परिणाम थोडा तरी मारला जातो ना?
— एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, ती बाटली आजच बाजूला ठेवा. विडी ओढणाऱ्या माणसाला ती देऊ नका. विडी सोडल्यावरही देऊ नका. पुतण्याने मायेने आणली आहे, त्याला नीट समजावता यावं म्हणून कारण सविस्तर सांगते.

बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराला, लाल भोपळ्याला, पिकलेल्या पपईला रंग देणारं द्रव्य. शरीरात त्याचं 'अ' जीवनसत्त्व होतं. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्या लोकांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो आणि त्यांच्या रक्तात हे द्रव्य जास्त असतं, हे १९८० च्या सुमारास अनेक देशांत दिसून आलं होतं. मग हेच द्रव्य गोळीतून दिलं तर सिगारेट ओढणारेसुद्धा वाचतील का, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला. तुमच्या पुतण्यालाही तेच वाटलं आहे, त्यात गैर काही नाही.

फिनलंडमध्ये ते करून पाहिलं. सिगारेट ओढणारे ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष घेतले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना 'ई' जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसतीच बिनऔषधाची गोळी. कोणाला काय मिळतंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. पाच ते आठ वर्षं गोळ्या चालल्या. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. 'ई' जीवनसत्त्वाने फुप्फुसाला काही फायदा झाला नाही.

अमेरिकेत त्याच सुमारास दुसरा मोठा प्रयोग चालू होता. त्यात सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसच्या (फुप्फुसाला घातक असं एक तंतुमय खनिज) कामातले मिळून १८,३१४ जण होते. त्यांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सोबत 'अ' जीवनसत्त्व दिलं जात होतं. तिथे कॅन्सर २८ टक्क्यांनी वाढला, मृत्यू १७ टक्क्यांनी. जानेवारी १९९६ मध्ये तो प्रयोग ठरल्यापेक्षा २१ महिने आधीच थांबवावा लागला. तुमच्या बाटलीवरचा २५ चा आकडा या दोन्हींच्या मधोमध बसतो, म्हणून मी एवढी आग्रहाने सांगते आहे.

असं का झालं? फेरेट नावाच्या लहान प्राण्यांना एकीकडे सिगारेटचा धूर आणि दुसरीकडे बीटा-कॅरोटीनचा मोठा डोस देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या फुप्फुसातल्या पेशी कॅन्सरच्या आधी दिसतात तशा बदलू लागल्या. धुराने भरलेल्या फुप्फुसात हे द्रव्य स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे पेशींना त्रास देतात, असं समजलं जातं. फिनलंडच्या त्या पुरुषांच्या रक्तात गोळीमुळे बीटा-कॅरोटीन दहापटीहून जास्त वाढलं होतं. गाजर खाऊन एवढं चढत नाही, कारण कच्च्या गाजरातलं हे द्रव्य आतड्यातून थोडंच शोषलं जातं.

आता रसाचं. या फिनलंडच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच पुरुषांपैकी जे मुळातच भाज्या-फळं जास्त खात होते, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी होता. म्हणजे गोळीने वाढला आणि ताटातल्या भाजीवाल्यांत कमी होता, तोही एकाच अभ्यासात. तेव्हा गाजर बंद करू नका. रसाऐवजी गाजरच चावून खाऊ द्या किंवा कोशिंबीर करा, भाजी करा. रस काढताना चोथा निघून जातो आणि साखर तेवढी उरते.

पण ताई, गाजराने विडी मारली जात नाही. ओपीडीत मी पहिला प्रश्न विचारते तो असा, "काल सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, सगळं सांगा." जास्त विड्या ओढणाऱ्या माणसांचं उत्तर बहुतेक वेळा एकाच वळणाचं असतं. उठल्या उठल्या चहा आणि विडी. दहा वाजता चहा आणि विडी. दुपारी भाकरी, आमटी, तोंडी लावायला ठेचा, कारण तोंडाची चव गेलेली असते आणि तिखटाशिवाय काही लागत नाही. भाजी ताटात वाढलेली असते, तशीच राहते. फळ आजारी पडल्यावर. जो माणूस रोज फळ खातो तो बहुधा विडीही कमी ओढतो, कामही बऱ्या हवेत करतो, दोन पैसे गाठीला असतात. त्यामुळे फळं खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसला तर त्यात फळाचा वाटा किती आणि न ओढलेल्या विडीचा किती, हे वेगळं काढणं फार अवघड जातं. जगभरातल्या अभ्यासांचा जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ मध्ये आढावा घेतला, त्यात भाज्या-फळांच्या फायद्याचा पुरावा 'मर्यादित' असाच धरला आहे. बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या डोसाने धूम्रपान करणाऱ्यांचं नुकसान होतं हा पुरावा मात्र 'भक्कम' म्हटला आहे.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य, असं समजणारे पुष्कळ आहेत. तसं नाही. विडी विझू नये म्हणून जोरजोरात ओढावी लागते, आणि तिच्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त आत जातं.

मिस्टरांना एक आकडा सांगा, तोही रागात नको. इंग्लंडमधल्या डॉक्टरांवर ५० वर्षं चाललेल्या अभ्यासात दिसलं की पन्नाशीत धूम्रपान सोडणाऱ्याला सरासरी सहा वर्षांचं आयुष्य परत मिळतं, साठीत सोडणाऱ्यालाही तीन. बावन्नाव्या वर्षी अजून बरंच हातात आहे. १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडायला फुकट मदत मिळते. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रातही जा. निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या आणि इतर औषधं असतात, त्यांनी तलफ खरोखर कमी होते.

तुमच्या हातात आहे ते असं. विडी सोडल्यावर पहिले काही आठवडे भूक वाढते, तोंड रिकामं वाटतं, चिडचिड होते. खिशात भाजलेले फुटाणे, बडीशेप, लवंग द्या. पहिल्या चहाची वेळ मोडा, उठल्यावर आधी पाणी आणि काहीतरी खाणं, मग चहा, कारण चहा आणि विडीची जोडी सगळ्यात घट्ट असते. दोन-चार किलो वजन वाढेल, त्यावरून टोमणा मारू नका. आणि विडीच्या जागी मिसरी किंवा तंबाखू-चुना सुरू होणार नाही याकडे लक्ष ठेवा. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आमच्याकडे फुप्फुसापेक्षा जास्त येतात.

हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल द्या. त्याने फुप्फुसाचा कॅन्सर टळतो असं माणसांवरच्या कोणत्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई माळकरी होत्या. कांदा-लसूणसुद्धा खात नव्हत्या, विडी-तंबाखूचा प्रश्नच नाही. तरी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेल्या. इतकं सात्त्विक खाऊनही असं का व्हावं? आमचा बचत गट आहे. दिवाळीच्या आधी दीड-दोन महिने आम्ही एका पत्र्याच्या खोलीत चकली, शेव, चिवड्याचं तळण करतो. कढईवर मी असते. संध्याकाळी घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. मला भीती वाटते.
— एक वाचक, आजरा

उत्तर : सासूबाई काय खात होत्या यापेक्षा त्या कशावर शिजवत होत्या, हे मी आधी विचारलं असतं. कधीच धूम्रपान न केलेल्या बायकांना फुप्फुसाचा कॅन्सर होणं आपल्याकडे दुर्मिळ नाही. घरातल्या पुरुषाच्या विडी-सिगारेटचा धूर बायकोची जोखीम २० ते ३० टक्क्यांनी वाढवतो. बाहेरची दूषित हवा आहे. पूर्वी होऊन गेलेला टीबी आहे. आणि चूल आहे. त्यांच्या बाबतीत नेमकं कोणतं कारण होतं ते आता कोणी सांगू शकणार नाही, पण पथ्यात त्या कुठे चुकल्या असं मनात आणू नका.

चीनच्या युनान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायका सिगारेट जवळजवळ ओढत नाहीत, तरी १९७० च्या दशकात तिथे बायकांमधल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण साऱ्या चीनमध्ये सर्वांत जास्त होतं. कारण घरात होतं. बिनधुराड्याच्या उघड्या शेगडीत फार धूर करणारा दगडी कोळसा जाळायचा आणि त्यावरच स्वयंपाक. पुढे लोकांनी धुराडी बसवली. स्वयंपाक तोच, कोळसाही तोच, पण धूर बाहेर जाऊ लागला. अशा घरांत फुप्फुसाच्या कॅन्सरची जोखीम ४० टक्क्यांहून जास्त घटली. खाण्यात काही न बदलता एवढा फरक पडला, हे मी प्रत्येक महिला मेळाव्यात सांगते.

आपल्याकडे लाकूड-शेणी जास्त. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरातल्या कोळशाच्या धुराला कॅन्सर करणारा ठरवलं आहे. लाकडाच्या धुराला त्याच्या खालच्या, म्हणजे 'बहुधा कॅन्सर करणारा' या वर्गात ठेवलं आहे. आणि कडक तापलेल्या तेलात तळताना निघणारी वाफ-धूर हाही त्याच वर्गात आहे. गॅस आला म्हणजे सगळं संपलं असं होत नाही, ते यामुळे. तैवानमध्ये धूम्रपान न करणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला, त्यात तेलातून धूर निघेपर्यंत थांबून मग पदार्थ सोडणाऱ्यांची जोखीम जास्त दिसली. तेल धुरावलं की त्यातून अॅक्रोलिन नावाचं झोंबणारं द्रव्य सुटतं, त्यानेच तुमचा घसा खवखवतो आणि डोळे चुरचुरतात. त्याच धुरात कॅन्सरशी संबंध असलेली इतर द्रव्यंही असतात.

घरी आठवड्यातून एकदा पुऱ्या-भजी केल्याने घाबरून जायचं कारण नाही. तुमचं काम मात्र रोजचं आहे, तासन् तासांचं आहे आणि बंद खोलीतलं आहे, म्हणून सांगते. शक्य असेल तर कढई पत्र्याच्या खोलीतून काढून बाहेर छपराखाली घ्या, दोन बाजू उघड्या हव्यात. खोलीतच करायचं असेल तर कढईच्या वरच्या अंगाला एक्झॉस्ट फॅन आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीत खाली खिडकी, म्हणजे ताजी हवा तुमच्या पाठीकडून येऊन धूर पुढे ओढला जाईल. पंखा तुमच्या पाठीमागच्या भिंतीत असेल तर सगळा धूर तुमच्या तोंडावरून जाईल, आणि अशी जोडणी मी खूप ठिकाणी पाहिली आहे. तेल तापलं का हे पिठाची बारीक गोळी टाकून पाहा, धुराची वाट पाहू नका. दोन घाण्यांच्या मध्ये गॅस बारीक करा. तेल काळपट, चिकट झालं, फेस धरू लागलं की ते काढा. वापरलेलं तेल लवकर धुरावतं, आणि धंद्यासाठी तळणाऱ्यांनी ते किती खराब होईपर्यंत वापरावं यावर २०१८ पासून अन्नसुरक्षा कायद्यानेही मर्यादा घातली आहे. कढईवर एकटीने दिवसभर उभ्या राहू नका. गटात पाळी लावा, दर दीड तासाने एकीने पाकिटं भरायला जायचं आणि दुसरीने कढई घ्यायची.

एक गोष्ट सगळ्यांसाठीच. दोन आठवड्यांवर खोकला राहिला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर टीबीची तपासणी कराच. टीबी सापडला नाही, किंवा टीबीची औषधं चालू असूनही उतार नाही, तर छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन सीटी स्कॅनचं विचारा. टीबी समजून महिनोन् महिने गेलेले रुग्ण आमच्याकडे फार येतात.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. बी-१२ अगदी कमी आलं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बी-१२ ने फुप्फुसाचा कॅन्सर होतो असा मेसेज आला. बंद करू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बंद करू नका. त्या मेसेजच्या मागे २०१७ मधला एक अमेरिकी अभ्यास आहे, सुमारे ७७,००० लोकांचा. बी-६ आणि बी-१२ च्या वेगळ्या गोळ्या दहा वर्षं मोठ्या डोसात घेणाऱ्या पुरुषांत, आणि त्यातही धूम्रपान करणाऱ्यांत, फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला. बायकांत तसं दिसलं नाही. ही निरीक्षणं होती, गोळी देऊन केलेला प्रयोग नव्हता. तुमच्या शरीरात बी-१२ ची कमतरता तपासून सिद्ध झाली आहे आणि त्या कमतरतेने नसांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस घ्या, पुन्हा रक्त तपासा. ताकद यावी म्हणून मनानेच वर्षानुवर्षं चालू ठेवू नका, आणि सिगारेट ओढत असाल तर अजिबातच नको.

प्रश्न : पाण्यातूनही फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे खरं का? पाणी पोटात जातं, फुप्फुसाशी काय संबंध? आमच्याकडे बोअरच्या पाण्यात आर्सेनिक असल्याची चर्चा असते.
— एक मराठी वाचक, राजनांदगाव

उत्तर : खरं आहे, आणि खाण्यापिण्यातून फुप्फुसाला होणाऱ्या धोक्यांत ज्यांचा पुरावा सर्वांत पक्का आहे त्यांतला हा एक. आर्सेनिक हे विषारी द्रव्य आतड्यातून रक्तात जातं, रक्तातून सगळीकडे, आणि फुप्फुस त्याला विशेष बळी पडतं. चिलीतल्या अँटोफगास्टा शहराला १९५८ मध्ये नव्या नद्यांचं पाणी आणलं, त्यात लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे. १९७० मध्ये पाणी शुद्ध करायला सुरुवात झाली, तरी फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू पुढे कित्येक वर्षं वाढतच राहिले.

तुमच्या बाजूच्या अंबागड चौकी भागातल्या कौडीकसा गावचं पाणी यासाठी फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणून चर्चेवर थांबू नका, पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत आपल्या बोअरचा नमुना द्या. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होतं. कापडाने गाळूनही जात नाही. नमुना खराब आला तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं दोन्ही पाणी बदला. भात अशा पाण्यात शिजवला तर ते सगळं भातात मुरतं. चांगलं पाणी मिळालं की भरपूर पाण्यात भात शिजवून वरचं पाणी ओतून टाकायची पद्धत ठेवा, त्याने तांदळातलं आर्सेनिकही बरंचसं निघून जातं.

प्रश्न : वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, वय ६७. जनुकाची तपासणी करून रोजची गोळी सुरू झाली आहे. नातेवाइकांनी साखर, दूध, भात, अंडी सगळं बंद केलंय. साखर कॅन्सरला खाऊ घालते म्हणतात. सकाळी गव्हांकुराचा रस, दुपारी फळं, रात्री काढा. दीड महिन्यात सहा किलो उतरले. आई रडते. काय करू?
— एक मुलगा, सातारा

उत्तर : आजपासून वडिलांना जेवायला द्या. त्यांना आवडतं ते द्या. सहा किलो ही फार मोठी घट आहे. त्यातली काही आजाराची असेल, पण उपाशी ठेवल्याचीही नक्की आहे.

साखर कॅन्सरच्या पेशी वापरतात, तशा शरीरातल्या सगळ्याच पेशी वापरतात. खाल्ली नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती तयार करतं. म्हणजे गाठ उपाशी राहत नाही, वडिलांचे दंड आणि मांड्या बारीक होतात, आणि मग उपचार सोसवत नाहीत. मधुमेह असेल तर त्याचं पथ्य वेगळं, ते पाळाच. नसेल तर शिऱ्यातली साखर त्यांना घेऊ द्या.

मोठं ताट पाहूनच अशा रुग्णांना नको होतं. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्या. मऊ खिचडीवर चमचाभर तूप, घट्ट वरण-भात, दूध चालत असेल तर खीर, उकडलेलं अंडं, मासे खात असतील तर काटे काढून रस्सा. शाकाहारी असतील तर मुगाचं धिरडं, पनीर, दह्यात कालवलेलं दाण्याचं कूट. प्रथिनं प्रत्येक वाटीत हवीत. त्या गोळीने जुलाब लागण्याची शक्यता असते, तेव्हा भाताची पेज मीठ घालून, ताक आणि केळं. तोंड आलं तर तिखट आणि आंबट थांबवा, अन्न कोमट द्या.

गव्हांकुराचा रस कच्चा असतो, तो बंद केलात तर काही बिघडणार नाही. काढा मात्र मनाने देऊच नका, त्यातलं काय यकृतावर आणि त्या गोळीवर कसा परिणाम करील हे सांगता येत नाही. फळांत पपनस आणि ग्रेपफ्रूट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, अशा काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्यांनी बदलतं. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हेही पाहा. काही गोळ्या जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर रिकाम्या पोटीच घ्याव्या लागतात, काहींना तसं बंधन नसतं. पाकिटातला कागद घेऊन डॉक्टरांकडून वेळ लिहून घ्या आणि त्याप्रमाणे जेवणाच्या वेळा बसवा. वडील अजून विडी-सिगारेट ओढत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांचा असर धूम्रपानाने कमी होतो.

नातेवाइकांशी भांडू नका. पुढच्या तपासणीला त्यांच्यातल्या सगळ्यात आग्रही माणसाला सोबत न्या आणि जो जो काढा, चूर्ण, गोळी घरात आहे ती पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. दर सोमवारी सकाळी एकाच काट्यावर वडिलांचं वजन करा आणि वहीत लिहा. आठवड्यात एक किलोहून जास्त उतरलं, किंवा दोन दिवस काहीच खाल्लं नाही, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच दवाखान्यात फोन करा. आणि आईंना सांगा, त्यांच्या हातची खिचडी चालू करायला कोणाची परवानगी लागत नाही.